कुंडीतील पाणी : रोपाला जाच, घराला धोका

दिवाणखान्यातील मनी प्लांट, खिडकीच्या ग्रिलमधील कुंड्या आणि टेबलावरील लकी बांबू हे शहरी सदनिकांतील नेहमीचे चित्र आहे. रोप मरगळले की बहुतेकांचा हात प्रथम पाण्याकडे जातो. प्रत्यक्षात घरातील अनेक रोपे तहानेने नव्हे, तर पाण्याच्या अतिरेकाने दगावतात. शिवाय साचलेले पाणी डेंगीच्या डासांनाही आमंत्रण देते.

मुळे का कुजतात?

मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. कुंडी सतत ओली राहिल्यास या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि रोगकारक बुरशीला वाव मिळतो. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे माती ओली असूनही रोप माना टाकते. खालची पाने पिवळी पडणे, खोड बुडाशी मऊ होणे आणि मातीला कुबट वास येणे ही त्याची लक्षणे होत. पावसाळ्यात ऊन कमी आणि हवा दमट असल्याने माती उशिरा वाळते. म्हणूनच मे महिन्यातील पाण्याचे प्रमाण जुलैमध्ये चालत नाही.

उपाय साधा आहे. मातीत इंचभर बोट घालावे आणि कोरडेपणा जाणवला तरच पाणी द्यावे. स्नेक प्लांटची माती मात्र पूर्ण वाळू द्यावी. कुंडीला तळाशी छिद्र हवेच. निव्वळ काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत वाळू, कोकोपीट व गांडूळखत मिसळावे. कूज सुरू झाली असल्यास रोप बाहेर काढून काळी पडलेली, मऊ मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत आणि रोप नव्या मिश्रणात लावावे.

नवे रोप पेरापासून

मूळ रोप वाचण्याची आशा नसेल, तर निरोगी फांदीपासून नवे रोप तयार करता येते. मनी प्लांटची फांदी पेराच्या किंचित खाली कापावी. मुळे पेरापासूनच फुटतात, नुसत्या पानापासून नवा वेल तयार होत नाही. पेर पाण्यात आणि पाने पाण्याबाहेर राहतील अशा बेताने फांदी ठेवल्यास साधारण दोन ते तीन आठवड्यांत मुळे दिसू लागतात. ती दोन इंचांची झाली की फांदी मातीत लावावी.

आठवड्यातून एक कोरडा दिवस

एडिस इजिप्ती डास घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे सात ते दहा दिवस लागतात. मुंबई महापालिकेच्या आवाहनांत कुंड्यांखालील ताटल्या आणि शोभेच्या रोपांच्या पाण्याचा उल्लेख वारंवार असतो, तो याच कारणाने. मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. मादी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेला अंडी घालते आणि ती कोरड्यातही अनेक महिने तग धरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा भांडी व ताटल्या घासून, पुसून कोरड्या कराव्यात. बाटलीतील मनी प्लांटची मुळेही त्याच वेळी धुवावीत. हे दर आठवड्यास जमणार नसेल, तर वेल मातीत लावणे आणि ताटली काढून टाकणे हेच रोपाच्या व कुटुंबाच्या हिताचे ठरते.