पुन्हा तोच डोळा

सकाळी उठलेल्या मुलाची एक पापणी फुगलेली असते. दोन दिवसांपूर्वीच सर्दी झालेली. कुणी रांजणवाडी म्हणतं, कुणी किडा चावला म्हणतं, आजी दृष्ट काढते. अँटिबायोटिक सुरू होतं, आठवड्यात सूज उतरते आणि पुढच्या सर्दीला पुन्हा तोच डोळा सुजतो. बहुतेकदा कारण साधंच निघतं. क्वचित मात्र डोळ्याच्या खोबणीत गाठ असते. या गाठींविषयी वैद्यक जे शिकलं, त्याची किंमत अनेक मुलांनी डोळा गमावून मोजली आहे.

१९५९ साली अमेरिकेत आयरा जोन्स यांनी डोळ्याभोवतीच्या लिम्फँजिओमाच्या ६२ रुग्णांचा अभ्यास मांडला. लिम्फँजिओमा म्हणजे लसीकावाहिन्यांचं जन्मतःच गुंतलेलं जाळं. हा कॅन्सर नव्हे. पण घशातल्या टॉन्सिलसारखंच हे जाळंही सर्दीत फुगतं आणि सर्दीबरोबरच ओसरतं. औषध लागू पडलं असं वाटतं ते यामुळेच. आत रक्तस्राव झाला तर मात्र डोळा एका रात्रीत पुढे येतो, पापणी जांभळी पडते. साकळलेलं जुनं रक्त चॉकलेटच्या रंगाचं होतं. जाळं नसा-स्नायूंत विणलेलं असल्याने कापून पुरतं निघत नाही. उरलेलं पुन्हा वाढतं.

१९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅन आला, पुढे एमआरआय, आणि खोबण न उघडता आतलं दिसू लागलं. मग गाठ आकसवणारी इंजेक्शनं आली. सिरोलिमस या औषधाची हकिगत तर थक्क करणारी आहे. १९६४ साली निघालेल्या मोहिमेने ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूत ते सापडलं. त्यावर काम करणारे सुरेंद्रनाथ सेहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळले. १९९९ साली औषधाला मान्यता मिळाली ती मूत्रपिंडरोपणासाठी. आज लिम्फँजिओमाच्या अवघड रुग्णांनाही ते देतात.

दुसरी गाठ कॅन्सरची, जिवावर उठणारी: रॅबडोमायोसार्कोमा. ती साधारण सात-आठ वर्षांच्या मुलांत दिसते आणि काही दिवसांत, आठवड्यांत वाढते. मूल पडलं असेल, जंतुसंसर्ग असेल, असा समज होतो. १९६०च्या दशकापर्यंत यावर उपाय म्हणजे खोबणीतलं सगळंच काढून टाकणं, आणि एवढं सोसूनही निम्म्याहून अधिक मुलं दगावत. मग किरणोपचार आणि किमोथेरपीची जोड मिळाली. १९७२ साली अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन या रोगाचा अभ्यास सुरू केला. आज गाठ खोबणीपुरतीच असताना सापडली, तर दहातली नऊ मुलं वाचतात, आणि त्यातल्या बहुतेकांचा डोळाही जागेवर राहतो. वैद्यकातल्या मोठ्या यशांत मी हे धरतो.

तरीही उशीर होतो, कारण दर वेळी डॉक्टरांसमोर फक्त आजची सूज असते. म्हणून आईबाबांना विनंती: प्रत्येक सुजेचा फोटो तारखेसह जपा आणि सगळे एकत्र दाखवा. तोच डोळा पुन्हा सुजला, तर स्कॅन हवा का हे विचारा. डोळा पुढे आला, तिरळा झाला, नजर मंदावली किंवा पापणी जांभळी पडली, तर सूज उतरायची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा.