बाळाची जीभ, आईचे दूध आणि दोन बाळंतपणांतील अंतर



समजा, आंजीतल्या एका घरी बाळंतीण दवाखान्यातून परत आली आहे. बाळ पाच दिवसांचे. अंगावर घेतले की दोन-चार घोट ओढते, सुटते आणि रडते. आईच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत. पाजायची वेळ झाली की तिच्याच डोळ्यांत पाणी येते. सासूबाई म्हणतात, "हिले दूधच नाही. लेकरू उपाशी राहते. बाटली आना." शेजारीण बाळाच्या तोंडात पाहून म्हणते, "अवो, याची तं जीभच चिकटली हाय. दोरी तोडा, नाही तं बोलनार नाही." नवरा गाडी काढतो आणि बाटली व दुधाचा डबा घेऊन येतो.

कोणाचाही हेतू वाईट नाही. पण याच बाटलीपायी आईचे दूध आटू शकते आणि बाळ वर्षाचे होण्याआधीच तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात. कुटुंब नियोजनाच्या पत्रकात जिभेची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर हेच आहे.

जीभ चिकटली म्हणजे काय?

आपल्या सगळ्यांच्याच जिभेखाली एक पातळ पडदा असतो. काही बाळांत तो आखूड किंवा जाड असतो, किंवा पार जिभेच्या टोकापर्यंत आलेला असतो. मग जीभ नीट उचलली जात नाही, पुढेही येत नाही. रडताना टोक मध्ये ओढले जाऊन बदामासारखे दिसते. अशी बाळे काही विरळा नाहीत. शंभरात साधारण चार ते दहा सापडतात आणि त्यांत मुलगे जास्त. हा कोणाचा दोष नाही. ग्रहणाशी किंवा आईच्या खाण्यापिण्याशी याचा संबंध नाही. यामुळे मूल उशिरा बोलायला लागते, असेही दिसून आलेले नाही.

यांतली पुष्कळ बाळे अंगावर चांगली पितात. त्यांना काहीच करावे लागत नाही. अडचण असेल तर ती अशी दिसते: बाळ धरते आणि सुटते, चोखताना टकटक आवाज येतो, तासभर पिऊनही भूक राहते, वजन वाढत नाही, आणि आईला फार दुखते.

आधी धरायची रीत पाहा

पहिल्या दिवसांत बाळ नीट पीत नसेल, तर दर वेळी दोष जिभेचा नसतो. पुष्कळदा धरण्याची रीतच चुकलेली असते. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. डोके आणि पाठ एका रेषेत असावी. तोंड मोठे उघडले की बाळाला अंगाजवळ घ्यावे. नुसते स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असला, म्हणजे पकड बरोबर आहे. एवढ्याने सुधारणा झाली तर पुढे काहीच करायला नको.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नका. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे. पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी केली पाहिजे. जन्मानंतर वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांत भरून यावे.

मात्र चांगले पिणारे बाळ एकाएकी प्यायचे थांबले, गार पडले, अंग तापले, धाप लागली किंवा ते सुस्त झाले, तर ती जिभेची गोष्ट नाही. तिथे वेळ घालवू नका, लगेच दवाखाना गाठा. टाळूला भेग असली तरीही बाळाला ओढता येत नाही. म्हणून तोंड डॉक्टरांना दाखवलेले बरे.

दोरी तोडावी का?

घरी कधीही नाही. नखाने नाही, ब्लेडने नाही, दोऱ्याने नाही. जिभेखाली रक्तवाहिन्या आणि लाळेच्या नळ्या असतात. रक्त थांबले नाही किंवा जखम चिघळली, तर एवढ्याशा जिवाला ते झेपत नाही.

रीत सुधारूनही बाळाला पिता येत नसेल, तर डॉक्टर पडदा तपासून ठरवतात. कापायचाच झाला तर काम थोडक्यात होते, आणि लगेच बाळाला अंगावर घेता येते. यामुळे आईचे दुखणे बऱ्याचदा कमी होते. पण बाळाचे पिणे लगेच सुधारेलच, अशी खात्री देता येत नाही. म्हणून कापायची घाई नको.

तोवर काय करायचे? आईने हाताने दूध काढावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. मध, गूळपाणी, गुटी काही देऊ नये. सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही.

दूध म्हणजे झऱ्याची विहीर

विहिरीचा उपसा असला की झरे वाहते राहतात. दुधाचेही तसेच. बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते. बाटली आली की ओढणे कमी होते आणि दूध आटते. मग घरचे म्हणतात, "पाहा, दूध नव्हतंच."

याच ओढण्याने आईच्या शरीरात बीज तयार होण्याचे कामही लांबते. म्हणून अंगावर पाजणे हे पाळणा लांबवण्याचे एक साधन आहे. पण तीन अटी एकदम पाळल्या पाहिजेत. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे. बाळंतपणानंतर पाळी आलेली नसावी. आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावर पीत असावे. या अटी पुऱ्या झाल्या, तर शंभरातल्या सुमारे 98 स्त्रियांना त्या काळात दिवस जात नाहीत. एक अट जरी तुटली, तरी भरवसा संपला. वाटी-चमच्याने पाजत असाल, तरीही तो धरू नका.

आणि हे लक्षात ठेवा की पाळी न येताही दिवस जाऊ शकतात. "पाळी आल्यावर पाहू" म्हणत थांबलेल्या पुष्कळ जणी इथेच फसतात.

मग साधन कोणते?

तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत, नाही तर सहा आठवड्यांनंतर बसवता येते. अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. छाया गोळी अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. माला-एन मात्र सहा महिन्यांपर्यंत घेऊ नये, तिने दूध कमी होऊ शकते. निरोध केव्हाही चालतो. कुटुंब पूर्ण झाले असेल, तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी सोपी आहे. त्यानंतर तीन महिने निरोध वापरावा. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर असले, तर आईचे अंग भरून येते आणि पहिल्या लेकराच्या वाट्याचे दूध दुसऱ्यासाठी तुटत नाही.

कोणाला विचारावे?

दवाखान्यात बाळंतपण झाले असले, तरी आशाताई सहा वेळा घरी येतात: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. त्यांच्यासमोर बाळाला पाजा आणि कुठे दुखते ते सांगा. लाजू नका. गरज पडली तर आंजीचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथून वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवले जाते.

आता पुन्हा त्याच घरी चला. सातव्या दिवशी आशाताई येतात. बाळाला आडवे, आईच्या पोटाशी धरून देतात. ते सुटत नाही, घोट गिळल्याचा आवाज येतो. सासूबाई म्हणतात, "दूध तं होतंच की वो!" होतेच. बाळाच्या तोंडापर्यंत ते पोचत नव्हते, इतकेच.

बंधूंनो, बाटलीसाठी गाडी काढण्याआधी ती दवाखान्यासाठी काढा. बाळंतिणीला दोन वेळचे पोटभर जेवण आणि थोडी विश्रांती मिळेल असे पाहा. पुढच्या पाळण्याचा विचारही दोघांनी मिळून, आजच करा.