फोडांचा उगम समुद्रात

एप्रिल १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बुएना पार्क भागात डुकरांच्या नाकाडावर, जिभेवर, खुरांच्या बेचक्यात पाण्याने भरलेले फोड उठले. ताप चढला, जनावरं लंगडू लागली. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी याला लाळ्या-खुरकूतच म्हणाला असता. तिथल्या पशुवैद्यांनीही तेच मानलं. १९२४ आणि १९२९ च्या साथी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि १९२९ ची तर जहाजावरच्या खरकट्यातून डुकरांत शिरली होती. हजारो डुकरं मारली गेली. त्या घाईला मी दोष देत नाही. लाळ्या-खुरकुतात वाट पाहत बसणं फार महागात पडतं.

पुढच्या वर्षी सॅन डिएगोकडे पुन्हा तेच फोड दिसले. या वेळी मात्र चाचण्या जुळेनात. गायींना टोचून काही होईना, घोड्यांना मात्र काही वेळा फोड येत. लाळ्या-खुरकुतात याच्या उलट घडतं. म्हणजे विषाणूच वेगळा होता. जेकब ट्राउम यांनी या रोगाला व्हेसिक्युलर एक्झॅन्थेमा हे नाव दिलं.

दोष द्यायचा तर पुढच्या वीस वर्षांना द्यावा. डुकरं फारशी दगावत नव्हती, रोग कॅलिफोर्नियाबाहेर पडत नव्हता, म्हणून शहरांतलं कच्चं खरकटं त्यांच्यापुढे ओतणं चालूच राहिलं. मग १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-शिकागो रेल्वेतलं खरकटं वायोमिंगमधल्या शायेनला डुकरांनी खाल्लं, ती डुकरं नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडला गेली आणि पाहता पाहता रोग चाळीसहून अधिक राज्यांत पोचला. तेव्हा कुठे खरकटं शिजवूनच घालण्याचे कायदे राज्याराज्यांत झाले. त्या सक्तीने आणि बाधित कळप मारल्याने साथ आटोक्यात आली. १९५६ मध्ये न्यू जर्सीतल्या सिकॉकसला ती शेवटची दिसली; १९५९ मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं.

१९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन मिगेल बेटावर सी लायनच्या माद्यांचे गर्भपात होत होते. ॲल्विन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या प्राण्यांत जो विषाणू सापडला, तो डुकरांना टोचल्यावर तसेच फोड उठले. पुढे या जातीचे विषाणू फर सीलमध्ये मिळाले आणि किनाऱ्यालगतच्या ओपलआय माशातही. समुद्रातून डुकरांपर्यंतची वाट बहुधा खरकट्यातल्या मासळीची असावी. शिजवण्याच्या सक्तीने ती बंद झाली, तीही सी लायनमधला पुरावा हाती येण्याच्या कितीतरी वर्षं आधी.