दूध डेअरीला, गोळ्या घराला



माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही नेहमी सांगत आलो आहोत. आज तोच हिशेब शरीराला लावू. गटातून फिरताना रक्तदाबाची गोळी चालू असलेले सभासद आम्हाला गावोगाव भेटतात. गोठ्यात दोन-चार दुभती जनावरे असतात. पण दोन्ही वेळचे दूध डेअरीला जाते, घरात उरते ते चहापुरते.

दुधात कॅल्शियम असते. ते हाडांना लागते हे सर्वांना ठाऊक आहे, पण रक्तदाबाशीही त्याचा संबंध आहे. आहारात ते कमी पडले की शरीरात काही हार्मोन वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो.

मात्र एकट्या कॅल्शियमने दाब थोडाच उतरतो, पाऱ्याचा एक-दीड मिलिमीटर. सगळा आहार सुधारला तर फरक मोठा. अमेरिकेतील ‘डॅश’ प्रयोगाचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ४५९ माणसे होती. भाज्या, फळे आणि कमी साईचे दूध-दही भरपूर खाणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा आकडा, नेहमीचे खाणाऱ्यांपेक्षा सरासरी ११ ने जास्त उतरला. एकट्या युरियावर ऊस पोसत नाही, तसेच हे आहे.

प्रौढ माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम, नाचणीत ३५० च्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात ३०० हून जास्त, तर तिळात हजारावर असते. ज्वारीत मात्र ३० सुद्धा नाही. म्हणून भाकरीबरोबर ताक, तिळाची चटणी, पालेभाजी हवीच. तंबाखूला लावलेला चुना यात धरू नका. तंबाखू दाब वाढवते.

काही गोळ्यांना ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ म्हणतात. नाव ऐकून दूध सोडू नका. ती गोळी रक्तवाहिनीच्या पेशीत कॅल्शियम शिरायची वाट अडवते, दुधाशी तिचे वैर नाही. आणि दूध सुरू केले म्हणून गोळीही बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर. ताक अळणीच प्यावे. लोणचे, पापड बेतानेच.

तरी सभासदांनी रक्तदाब तपासून घ्यावा, आणि घरच्या माणसांचे दूध आधी बाजूला काढून मगच किटली डेअरीला न्यावी, ही विनंती.