दोन मीटर पुढे सरकलेला दोर

शिडाच्या बोटीवर पहिल्यांदा पाय ठेवणारा मराठी माणूस एका शब्दाशी हमखास अडखळतो. ‘शीट ओढ’ असं कुणी ओरडलं की त्याचे डोळे वर शिडाकडे जातात. पण शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाला आवरून धरणारा दोर. मुख्य शिडाच्या तळाशी जो आडवा दांडा असतो, तो बूम. त्याचं एक टोक डोलकाठीला बिजागरीसारख्या सांध्याने जोडलेलं असतं. या सांध्याला गूजनेक म्हणतात. दुसरं टोक मोकळं. बूमला बोटीशी बांधून ठेवणारा, कप्प्यांतून चार-सहा वेळा फिरवलेला दोर म्हणजे मेनशीट. हा दोर बूमला नेमका कुठे बांधायचा, हा प्रश्न दिसतो किरकोळ. पण त्याचा माग काढत गेलं की बोटीच्या हाडामासात पोचायला होतं, आणि मी दरवेळी नव्याने थक्क होतो.

बऱ्याच जुन्या बोटींवर मेनशीट बूमच्या मोकळ्या टोकाजवळ असतो. म्हणजे तो खाली उतरतो थेट कॉकपिटमध्ये, जिथे सुकाणू धरणारा बसतो, मुलं खेळतात, चहाचे कप ठेवलेले असतात. वारा मागून असताना शीड अचानक या बाजूवरून त्या बाजूला फेकलं गेलं, याला जाइब म्हणतात, की बूमबरोबर हा दोरही कॉकपिट झाडत जातो. २०१५ साली पोर्तुगालच्या पश्चिमेला, जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत, याच दोराच्या टप्प्यात सापडून एका खलाशाचा मृत्यू झाला होता. त्यात आता उन्हासाठी कॉकपिटवर कापडी छत हवं असतं आणि दोर त्याच्या आड येतो. म्हणून लांबच्या सफरी करणारे लोक ठरवतात: दोर पुढे न्यायचा, बूमच्या मध्याशी, आणि खाली केबिनच्या छतावर बांधायचा.

दोन मीटर पुढे. एवढंच. पण आधी घरातलं दार कडीपाशी बोट लावून ढकलून बघा आणि मग बिजागरीपासून निम्म्या अंतरावर. दुसऱ्या वेळी बोटाला दुप्पट जोर लावावा लागतो. बूमचंही तेच आहे. समजा बूम चार मीटर लांब आहे आणि शिडाचा मागचा कोपरा त्याचं टोक २०० किलोच्या जोराने वर खेचतोय. दोर टोकाशी असेल तर त्याला २०० किलोच पेलावे लागतात. मध्याशी आणला की ४००.

इथपर्यंत कुणीही सांगेल. मला चकित करतं ते पुढचं. टोकाला शीड २०० किलोने वर ओढतंय, मध्याला दोर ४०० किलोने खाली. मग उरलेले २०० किलो कुठून आले? ते गूजनेकने दिले! दोर टोकाशी होता तेव्हा त्या सांध्यावर हा उभा भार जवळजवळ नव्हताच, कारण वरची आणि खालची ओढ एकाच जागी एकमेकींना भिडून संपत होती. आता डोलकाठीवरचा तो लहानसा सांधा शिडाइतकाच जोर लावतोय, आणि त्याला कुणी हातही लावलेला नाही. बूमचंही तसंच. फूटपट्टीची दोन्ही टोकं चिमटीत धरून कुणाला तरी मधोमध दाबायला सांगा, पट्टी वाकते. जो बूम आजवर नुसता सरळ पडून होता, तो आता वाकू पाहतो. म्हणून जाणते लोक एकाच कप्पीवर भार न टाकता बूमवर दोन-तीन कप्प्या अंतर सोडून लावतात, किंवा बूमच जाड घेतात.

आणि केबिनचं छत? त्याला हे ४०० किलो वर उचलू पाहतात. फायबरच्या पुष्कळ बोटींचं छत हे वर-खाली पातळ पापुद्रे आणि मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड अशा घडणीचं असतं. बोल्टसाठी भोक पाडलं की गिरमिटाबरोबर लाकडाचा भुगा निघतो. तो कोरडा, फिकट निघाला तर नशीब. काळसर आणि ओला निघाला तर पाणी आधीच आत शिरलंय आणि लाकूड कुजलंय. चांगला कारागीर भोक मुद्दाम मोठं पाडतो, आजूबाजूचं लाकूड कोरून काढतो, ती पोकळी इपॉक्सीने भरतो, ती दगडासारखी झाली की त्यातून पुन्हा बोल्टच्या मापाचं भोक पाडतो. खालून रुंद धातूची पट्टी लावतो. हे काम वरून कुणाला दिसत नाही. पण माझ्या मते सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

आता ट्रॅव्हलर. बोटीवर आडवा टाकलेला रूळ आणि त्यावर सरकणारा छोटा गाडा. मेनशीटचं खालचं टोक या गाड्याला बांधतात. हा कशाला? कारण एकटा दोर एकाच वेळी दोन कामं करतो: बूमला आत ओढतो आणि खालीही ओढतो. दोर सैल सोडला तर बूम बाहेर जातो, पण वरही उचलला जातो आणि शिडाला पीळ पडतो. थोडा पीळ हवाच असतो. पाण्याशी घासून खालचा वारा मंदावतो, डोलकाठीच्या शेंड्याशी तो जोरात असतो. बोटीचा वेग मात्र वर-खाली सारखाच. त्यामुळे चालत्या बोटीला शेंड्यापाशी वारा जरा जास्त बाजूने लागतो, आणि शिडाचा वरचा भाग तितकाच बाहेर उघडावा लागतो. पण किती पीळ आणि किती कोन, हे वेगवेगळं ठरवता यायला हवं. रूळ नेमकं तेच करतो. दोराने पीळ ठरवायचा, गाड्याने कोन. झोत आला की गाडा वाऱ्याच्या आडच्या बाजूला सोडायचा. शिडाचा आकार न बिघडता बोट सावरते.

पुढे सरकण्याचा एक मोबदला इथे मिळतो. डोलकाठीपासून चार मीटरवर गाडा ६० सेंटिमीटर सरकवला तर बूम साधारण साडेआठ अंश फिरतो. दोन मीटरवर तेवढाच सरकवला तर जवळजवळ सतरा. रूळ तेवढाच, कोन दुप्पट.

आणि हात? भार दुप्पट झाला म्हणून कप्प्या वाढवायच्या, हाताचा जोर चौपट करणाऱ्या रचनेच्या जागी आठपट करणारी घ्यायची. आधी २०० भागिले चार, म्हणजे ५० किलो. आता ४०० भागिले आठ, पुन्हा ५०. दोर तरी जास्त ओढावा लागेल ना? नाही. बूमचं टोक एक मीटर आत आणायला आधी चार मीटर दोर लागायचा. आता मधला बिंदू अर्धाच मीटर हलतो आणि अर्ध्याची आठपट पुन्हा चारच मीटर. जादा कप्प्यांचं घर्षण सोडलं तर हाताला काहीही बदललेलं कळत नाही. बूम वाकतोय, गूजनेक ढकलतोय, छत ताणलं जातंय, आणि जाइबच्या आधी खलाशी पूर्वीइतकाच दोर आत ओढतोय, फक्त आता केबिनच्या आडोशाला, तुषारांपासून दूर उभा राहून.