थंडीने करपलेल्या तुळशीला थोडा वेळ द्या

डिसेंबरच्या अखेरीस थंडीची लाट येते आणि चार-सहा दिवसांत बाल्कनीतली तुळस काळवंडते. कार्तिकात जिचे लग्न थाटात लागले, तिची पाने पौषात गळू लागतात, शेंडे वाळतात आणि कुंडीत नुसत्या काड्या उरतात. मग कुणी रोज तांब्याभर पाणी जास्त घालते, कुणी मूठभर खत टाकते, तर कुणी रोप उपटून नर्सरीतून नवे आणते. या तिन्ही गोष्टींची घाई नडते. पाने करपली म्हणजे रोप मेले, असे नसते. बऱ्याचदा खोड आणि मुळे जिवंत असतात आणि हवेत ऊब आली की त्यांना पुन्हा फूट येते. तोवर त्यांना जपणे एवढेच काम उरते.

बर्फ नको, गारठा पुरे

महाराष्ट्रात पारा सहसा शून्यापर्यंत उतरत नाही. निफाडमध्ये काही वर्षी तो ५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जातो. पुणे, नाशिक, नागपूरकरांना १० अंशांखालची रात्र नवी नाही. मात्र उष्ण प्रदेशातल्या झाडांना इजा होण्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. तुळस, मनी प्लांट, क्रोटन, डिफेनबेकिया अशा झाडांना साधारण १० ते १२ अंशांखालच्या सलग रात्री बाधू लागतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल काळी पडते, तीही अशाच गारठ्याच्या इजेमुळे. जळगावकडच्या केळीच्या बागांनाही कडाक्याच्या थंडीत याचा फटका बसतो.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा अतिशय पातळ पडदा असतो. कोणता पदार्थ आत घ्यायचा, कोणता बाहेर जाऊ द्यायचा, हे तो ठरवतो. खोबरेल तेल थंडीत बाटलीतच गोठते, करडईचे तेल मात्र पातळ राहते. या पडद्यांचेही तसेच असते. गहू, हरभरा यांसारखी रब्बीची पिके थंडी वाढेल तसा आपल्या पडद्यातील स्निग्धांश बदलतात आणि तो लवचिक ठेवतात. तुळशीला ते फारसे जमत नाही. तिच्या पेशींचा पडदा ताठरतो, त्याला गळती लागते आणि आतले क्षार बाहेर झिरपतात. पान आधी पाणचट दिसते, मग तपकिरी किंवा काळे पडते. म्हणूनच इजा एका रात्रीत होते आणि डोळ्यांना दिसते दोन-चार दिवसांनी.

माती ओली, तरी पाने तहानलेली

जमिनीतल्या झाडाच्या मुळांना खालच्या मातीची ऊब मिळते. कुंडी मात्र सगळ्या बाजूंनी गार पडते. गारठलेली मुळे पाणी नीट ओढू शकत नाहीत. दिवसा ऊन पडले की पानांतून पाणी उडत राहते आणि खालून भरपाई होत नाही. त्यामुळे माती ओली असूनही रोप मान टाकते. घरच्यांना वाटते, तहान लागली. ते आणखी पाणी घालतात. गार, चिखल झालेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. थंडीतून वाचलेले रोप अनेकदा असे पाण्याने जाते.

आधी जीव आहे का ते पाहावे

खोडावर बुडाजवळ नखाने अगदी हलके खरवडावे. सालीखाली हिरवा, ओलसर थर दिसला तर खोड जिवंत आहे. वरच्या फांदीवर तपकिरी, कोरडे दिसले तरी निराश होऊ नये. थोडे थोडे खाली सरकत तपासावे. मनी प्लांट किंवा डिफेनबेकियाचे खोड दाबून पाहावे. ते टणक असेल तर आशा आहे. लिबलिबीत झाले असेल तर तेवढा भाग गेला. अडेनियमची पाने थंडीत गळणे हा त्याच्या विश्रांतीचाच भाग असतो. त्याचे फुगीर बूड घट्ट आहे ना, एवढे पाहिले तरी पुरते.

मग काय करावे?

पहिले काम जागा बदलण्याचे. कुंडी भिंतीच्या आडोशाला, छताखाली किंवा रात्रीपुरती घरात घ्यावी. निरभ्र रात्री उघड्यावरची पाने भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात, त्यामुळे नुसत्या छतानेही फरक पडतो. हीटरजवळ मात्र ठेवू नये. गारठलेल्या रोपाला लगेच कडक उन्हातही ठेवू नये. मंदावलेल्या पेशींना तेवढा प्रकाश वापरता येत नाही आणि पानांना नव्याने इजा होते. दोन-तीन दिवस उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवून मग सकाळचे कोवळे ऊन हळूहळू वाढवावे.

पाणी बोट घालून पाहिल्याशिवाय देऊ नये. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच, सकाळी, साठवणीचे साधे पाणी द्यावे, गारढोण नको. ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे.

कुजलेली, चिकट झालेली पाने लगेच काढावीत, कारण त्यांवर बुरशी धरते. वाळलेल्या काड्या मात्र राहू द्याव्यात. लगेच छाटल्यास कोवळे कोंब फुटतात आणि पुढच्या थंडीत तेच आधी जातात. थंडी ओसरली आणि नवी फूट दिसली की स्वच्छ कात्रीने हिरव्या भागापर्यंत छाटावे. खतही तेव्हाच, तेही थोडे. दुबळ्या मुळांना खत पेलत नाही. मातीला कुजका वास येत असेल तरच रोप बाहेर काढावे, काळी मऊ मुळे कापावीत आणि निचरा होणाऱ्या नव्या मातीत लावावे.

करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. सुधारणा पाहायची ती पेरांवर, नव्या कोंबात. त्याला काही आठवडे लागू शकतात. फेब्रुवारी अखेरपर्यंत वाट पाहावी.

पुढच्या लाटेआधी

थंडीचा इशारा मिळाला की कुंड्या एकमेकींना लागून ठेवाव्यात, गार फरशीऐवजी फळीवर किंवा थर्माकोलवर ठेवाव्यात. रात्री जुने सुती कापड पांघरावे आणि सकाळी काढावे. प्लास्टिक पानांना चिकटू देऊ नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. तुळस दीर्घायुषी झाड नाही. काही वर्षांत खोड जून होते, मंजिऱ्या बिया धरतात आणि रोप आपणहून वाळू लागते. नखाने खरवडल्यावर बुडापर्यंत हिरवे कुठेच दिसले नाही, तर तिचे दिवस भरले असे समजावे. अशा वेळी वाळलेल्या मंजिऱ्या फेकू नयेत. हातावर चोळून बारीक बी काढावे, कागदाच्या पुडीत कोरडे ठेवावे आणि होळीनंतर ऊब वाढली की मातीवर भुरभुरावे. त्याच तुळशीची रोपे त्याच कुंडीत पुन्हा उगवतील.