हायगेन्सचे तिसरे प्रमेय आणि बदामची सत्ती

गोव्याहून परतलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, पंचतारांकित हॉटेलातील पोकरच्या यंत्रापुढे बसणाऱ्यास गणिताच्या साहाय्याने जिंकण्याची शक्यता वाढविता येते काय, की सारा मामला यंत्रवाल्याच्या मर्जीवरच चालतो. प्रश्न वरवर दिसतो तितका उथळ नाही. फिरत्या चित्रांच्या स्लॉट मशीनपुढे कळ दाबण्यापलीकडे खेळणाऱ्यास काही कर्तव्यच उरत नाही. व्हिडिओ पोकरमध्ये मात्र पडद्यावर उमटलेल्या पाच पानांपैकी कोणती राखावयाची आणि कोणती बदलून घ्यावयाची याचा अधिकार सर्वस्वी त्याचा असतो, आणि जेथे निवडीचा अधिकार आहे तेथे शहाणपणाला थोडाफार वाव असणारच.

या यंत्राचा पूर्वज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९१ साली सिटमन आणि पिट या कारखानदारांनी घडविला. पाच फिरती नळकांडी आणि प्रत्येकावर दहा पाने, अशी एकूण पन्नास पाने त्यात असत; आणि पत्त्यांचा जोड तर बावन्न पानांचा! गाळलेली दोन पाने सहसा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम ही असत, यातच कारखानदाराची सारी चतुराई साठविलेली होती. कारण एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी ही एकाच रंगाची पाच पाने जुळून येण्याचा जो सर्वोच्च योग, म्हणजे रॉयल फ्लश, तो चार रंगांऐवजी केवळ दोन रंगांत शक्य उरे, आणि ही तफावत पेल्यात बुडालेल्या गिऱ्हाइकाच्या ध्यानी येण्याचा संभव फारच थोडा. यंत्राला रोकड मोजून देण्याची अक्कल नव्हती, म्हणून विजेत्याला गुत्तेवाला बिअरचा पेला किंवा एखादा सिगार देई. इतक्या सभ्य रीतीने केलेली लबाडी मला तरी दुसरीकडे आढळलेली नाही.

पडद्यावरचे पोकर रूढ झाले ते १९७९ नंतर. साय रेड या नेवाडातील व्यापाऱ्याच्या कंपनीने, जी पुढे आयजीटी या नावाने ख्यातनाम झाली, ‘ड्रॉ पोकर’ हे यंत्र त्या साली बाजारात आणले. परंतु गणिताच्या दृष्टीने यंत्राहून अधिक महत्त्वाचा आहे तो नेवाडाचा कायदा. खऱ्या पत्त्यांच्या खेळाची प्रतिकृती असलेल्या यंत्रात प्रत्येक पान येण्याची संभाव्यता खऱ्या जोडातल्याइतकीच असली पाहिजे, असे तेथील नियम स्पष्ट सांगतात. म्हणजे ब्रुकलिनची ती युक्ती तेथे सरळ गुन्हा ठरेल. या एका अटीमुळे असे झाले आहे की, स्लॉट मशीनचा हिशेब त्याच्या पोटात दडलेला असला तरी व्हिडिओ पोकरचा संपूर्ण हिशेब कोणाही गिऱ्हाइकास घरी बसून मांडता येतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील रीतीने बावन्नांतून पाच पाने निवडण्याचे प्रकार काढले तर ते २५,९८,९६० भरतात, आणि प्रत्येक हातातली पाने राखण्या-टाकण्याचे प्रकार ३२; संगणकाला हे काम म्हणजे घटकाभराची करमणूक.

आता प्रत्यक्ष डावाकडे येऊ. ‘जॅक्स ऑर बेटर’ या सर्वांत रुळलेल्या प्रकारात गुलाम किंवा त्याहून वरच्या पानांची जोडी आली की लावलेले नाणे परत मिळते, फ्लशला (एकाच रंगाची पाच पाने) सहापट आणि फुल हाऊसला (तिकडी अधिक जोडी) नऊपट मिळतात, आणि पाच नाणी लावून रॉयल फ्लश साधल्यास प्रत्येक नाण्यामागे आठशे. समजा, तुमच्या हाती बदामचा एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदामचीच सत्ती आली. फ्लश तयार आहे, सहापट रक्कम खिशात पडल्यासारखीच आहे. तरीही गणित सांगते की, बदाम सातच्या खेळात जिच्यावाचून पहिले पानसुद्धा मांडता येत नाही ती सत्ती येथे निःशंकपणे फेकून द्यावी आणि एक नवे पान मागावे! शिल्लक ४७ पानांत बदामची दश्शी एक, तिचे ८००. अन्य बदाम सात, त्यांचे फ्लशप्रमाणे ४२. इतर रंगांच्या तीन दश्श्या ओळीने पाच पाने लावून देतात, त्यांचे चारपटीने १२. आणि राखलेल्या चार पानांपैकी एखाद्याची जोडी लावणारी पाने बारा, त्यांचे १२. बेरीज ८६६, ती ४७ ने भागली की सुमारे १८.४. हातातल्या सहाच्या तिप्पट! पण याच कोष्टकातील दुसरी बाजूही पाहा: ४७ पैकी २४ पाने अशी आहेत की ती आली असता तुम्हास एक छदामही मिळणार नाही. निम्म्याहून अधिक वेळा हातचे घालवून बसावे लागणार हे ठाऊक असूनही जो सत्ती टाकतो, तो हा खेळ शिकला असे म्हणावे.

या भागाकाराचा जनक कोण, हे विचारले तर बहुतेक पाठ्यपुस्तके पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहाराकडे बोट दाखवून मोकळी होतात, आणि ज्या क्रिस्तियान हायगेन्सला आपण लोलकाच्या घड्याळासाठी आणि प्रकाशाच्या लहरींसाठी स्मरतो त्याला या दरबारात आसनच मिळत नाही. हा अन्याय मला नेहमी खटकतो. १६५५ साली हा डच तरुण पॅरिसला गेला असता त्या पत्रव्यवहारातील कूटप्रश्नाची वार्ता त्याच्या कानी आली. पास्कलची भेट मात्र झाली नाही, आणि ती पत्रे तोवर छापलेलीही नव्हती. मग मायदेशी परतून त्याने सारा विचार स्वतंत्रपणे केला आणि १६५७ मध्ये, आपल्या गुरूच्या, म्हणजे फ्रान्स व्हान स्कूटेनच्या, ग्रंथाला जोडलेल्या छोट्याशा पुस्तिकेत चौदा प्रमेये मांडली. संभाव्यतेवर छापून प्रसिद्ध झालेला हा पहिला शास्त्रीय प्रबंध. याकोब बेर्नुलीच्या १७१३ च्या विख्यात ग्रंथाचा पहिला भाग म्हणजे हीच पुस्तिका, टीकेसह. तिच्यातले तिसरे प्रमेय असे की, काही प्रसंगी एक रक्कम आणि काही प्रसंगी दुसरी मिळणार असेल, तर प्रत्येक रकमेला तिच्या प्रसंगांच्या संख्येने गुणून एकूण प्रसंगांनी भागले असता त्या डावाची खरी किंमत निघते. वर केलेले ८६६ भागिले ४७ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून हेच प्रमेय. यंत्रावरील सारे तथाकथित डावपेच, जोडीबरोबर एखादा एक्का ‘कदाचित उपयोगी पडेल’ म्हणून राखण्याची सवय सोडा या उपदेशापर्यंत, याच एका प्रमेयाची पिलावळ आहे. जोडी राखून तीन पाने मागितली तर चौकडी साधण्याची शक्यता ३६० त एक असते, तीच एक्का अडवून ठेवल्यास १,०८१ त एक होते. एक्क्याच्या मोहाची ही किंमत.

एवढे करून पदरात काय पडते? वर सांगितलेल्या नऊ-सहाच्या यंत्रावर एकही चूक न करता खेळणाऱ्यास दीर्घकाळात लावलेल्या रकमेपैकी ९९.५४ टक्के परत मिळतात. पण तेच यंत्र, तीच चित्रे, तोच आवाज ठेवून मालकाने तक्त्यावर नऊच्या जागी आठ आणि सहाच्या जागी पाच लिहिले की हा आकडा ९७.३ वर येतो, आणि सहा-पाचच्या तक्त्यावर ९५ वर. पाव डॉलरची पाच नाणी लावीत तासाला सहाशे डाव खेळणारा मनुष्य ताशी ७५० डॉलर फिरवितो. पहिल्या यंत्रावर त्याचे सरासरी साडेतीन डॉलर जातात, दुसऱ्यावर वीस, तिसऱ्यावर साडेसदतीस. म्हणजे पाने राखण्याची कला शिकण्याआधी तक्ता वाचण्यास शिकले पाहिजे. आणि पाचच्या पाच नाणी लावली नाहीत तर रॉयल फ्लशचे आठशेऐवजी अडीचशेच मिळतात. तेव्हा रक्कम कमी लावावयाची असेल तर कमी किमतीच्या नाण्याचे यंत्र शोधावे, नाण्यांची संख्या कमी करू नये.

जाहिरातबाज पुस्तके त्या ९९.५४ चा डंका पिटतात, परंतु त्यातले जवळजवळ दोन टक्के केवळ रॉयल फ्लशच्या भरवशावर आहेत ही गोष्ट बारीक टाइपात जाते. तो योग सुमारे ४०,४०० डावांत सरासरी एकदा येतो; आपला सहाशे डावांचा गृहस्थ सदुसष्ट तास खुर्चीला खिळून राहिला तरी तो एकदाही न दिसण्याची शक्यता ३७ टक्के उरतेच. तोवर तो प्रत्यक्षात साडेसत्याण्णव टक्क्यांचाच खेळ खेळत असतो. शंभर टक्क्यांहून अधिक परतावा देणारी यंत्रे नव्हतीच असे नाही: दुर्रीला जोकर मानणाऱ्या ‘ड्यूसेस वाइल्ड’ प्रकाराच्या जुन्या तक्त्यावर अचूक खेळाला १००.७६ टक्के मिळत. बहुसंख्य लोक चुका करतात या खात्रीवर मालक ती उदारता दाखवू शकत. पुढे लास व्हेगासमधील लेनी फ्रोम नावाच्या निवृत्त अभियंत्याने आणि त्याच्यासारख्या इतरांनी संगणकावर हिशेब करून अचूक डावांची कोष्टके सर्वसामान्यांसाठी छापली. लोक शहाणे झाले, आणि तक्ते आखडले. ज्ञानप्रसाराचा लाभ ज्ञान घेणाऱ्यांसच न मिळाल्याचे असे उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावयास हरकत नाही.

राहिला आपल्या मुलखाचा प्रश्न. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा संमत करून तो कधीही अमलात न आणता २०२३ मध्ये रद्द केला, त्यामुळे येथे तक्ता शोधण्याची वेळच येत नाही. गोव्यात १९७६ च्याच जुगारबंदी कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांना विद्युत यंत्रांची मुभा दिली गेली. तेथे जाणाऱ्याने नेवाडाचा नियम सर्वत्र लागू आहे असे गृहीत धरू नये. यंत्र खऱ्या बावन्न पानांच्या जोडाप्रमाणे चालते काय, हे व्यवस्थापकास विचारावे, आणि फुल हाऊस व फ्लश यांच्यापुढचे दोन आकडे वाचल्याशिवाय नाणे टाकू नये. ते नऊ आणि सहा असतील तर करमणूक स्वस्तात पडेल. आठ आणि पाच किंवा त्याहून कमी असतील, अथवा पानांविषयीच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तर हायगेन्सचे प्रमेय कितीही पाठ असले तरी त्या खुर्चीवर बसू नये.